लिहून झालें, असें सर्व्हर म्हणतो तेव्हां

आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांचा थोरला मुलगा एका संस्थेच्या सर्व्हरांची देखभाल करतो. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळीं पुरविणारा, अहोरात्र जागा असलेला संगणक, हें आतां बहुतेक घरांत ठाऊक आहे. सणाच्या तोंडावर खरेदीची गर्दी उसळली, सर्व्हर मंदावला, तेव्हां वरिष्ठांनीं सांगितलें कीं, ती ‘फ्लश’ची कटकट तेवढी बंद करा, म्हणजे सारें वाऱ्यासारखें चालूं लागेल. मुलानें नकार दिला. त्यावरून शब्दास शब्द लागला, आणि दोन दिवस त्या घरांत कोणास अन्न गोड लागलें नाहीं. बाई विचारतात, “हें फ्लश म्हणजे आहे तरी काय, आणि आमच्या मुलाचा हट्ट योग्य कीं अयोग्य?”

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें पाठशाळेंतील व्याकरणाचें. परंतु प्रश्न असा आहे कीं, तो समजण्यास यंत्रविद्येपेक्षां हिशेबाची वही कशी ठेवावी ह्याचें ज्ञान अधिक उपयोगी पडतें, आणि तें आमच्या वाचकांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे.

संगणकाजवळ लिहिण्याच्या जागा दोन. एक मेमरी, म्हणजे स्मृति; दुसरी डिस्क. स्मृति ही पाटी होय. तिच्यावर झरझर लिहितां येतें, झरझर पुसतां येतें, आणि वीज गेली कीं ती आपोआप कोरी होते. डिस्क ही वही. तिच्यावरचें अक्षर वीज गेली तरी राहतें. मात्र ह्या दोहोंच्या वेगांतील अंतर शाळेंतल्या पाटीवहीसारखें नव्हे. स्मृतींतील एखादी नोंद गांठण्यास सेकंदाचा सुमारें कोटीवा भाग लागतो. फिरत्या चकतीची नेहमींची डिस्क मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. हवी ती जागा लेखणीखालीं येण्यास पुरा एक फेरा लागला तर ८ मिलिसेकंदांहून कांहींसा अधिक वेळ जातो. असले बारीक आंकडे डोळ्यांपुढें उभे राहात नाहींत, म्हणून त्रैराशिक मांडावें. स्मृतीच्या कामास १ सेकंद लागतो असें धरलें, तर चकतीच्या एका फेऱ्यास २३ तास लागतील. पाटीवर लिहावयास एक सेकंद, आणि तेंच वहींत उतरवावयास जवळजवळ एक अहोरात्र! हल्लीं एसएसडी नांवाच्या, आंत कांहींच न फिरणाऱ्या डिस्का आल्या आहेत. त्यांनीं हें अंतर घटका-अर्ध्या घटकेवर आणलें आहे. पण अंतर उरलेंच. शिवाय स्वस्तांतल्या एसएसडीस ‘खरोखर उतरवून मग सांग’ असें बजावलें तर तीहि कित्येकदां मिलिसेकंदांत मोजावा इतका वेळ घेते.

एवढें अंतर असतां प्रत्येक नोंदीपायीं वही उघडीत बसणें कोणास परवडेल? म्हणून संगणकाचा मूळ कारभार पाहणारी प्रणाली एक युक्ति करते. बहुसंख्य सर्व्हरांवर ही प्रणाली लिनक्स असते, म्हणून तिचेंच उदाहरण घेऊं. एखाद्या प्रोग्रॅमनें ‘हें लिही’ म्हटलें कीं लिनक्स तें पाटीवर टिपून घेते आणि ‘लिहिलें’ असें तत्काळ सांगून मोकळी होते. वहींत उतरविण्याचें काम मागाहून, सवडीनें. पाटीवर बदललेल्या पण वहींत न उतरलेल्या पानास इंग्रजींत ‘डर्टी’ पान म्हणतात. आमच्या घरांतील शब्द योजावयाचा तर तें पान ओवळें. वहींत उतरलें म्हणजे सोवळें झालें. हीं ओवळीं पानें डिस्कवर उतरविणें ह्याचेंच नांव फ्लश.

ही सवड म्हणजे आळस असें कोणी समजूं नये. एकाच पानावर मिनिटभरांत पन्नास वेळां खाडाखोड झाली तरी वहींत तें एकदांच उतरतें. एकमेकांशेजारचीं पानें गोळा करून एका ओळीनें उतरवितां येतात, म्हणजे लेखणीची धांवपळ वांचते. आणि कित्येक तात्पुरत्या फायली तर अशा कीं जन्मतात आणि पुसल्या जातात, वहीला त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. सर्व्हर एरव्हीं जो इतका चपळ वाटतो, तो ह्या उधारीमुळें.

परंतु उधारी ती उधारी. लिनक्सच्या मूळच्या नेमणुकीप्रमाणें उतरविणारा कारकून दर ५ सेकंदांनीं जागा होऊन ३० सेकंदांहून शिळीं झालेलीं पानें उतरवितो. ओवळीं पानें उपलब्ध स्मृतीच्या १० टक्क्यांवर गेलीं कीं तो जोरानें कामास लागतो. आणि २० टक्क्यांपर्यंत पोंचलीं तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांनाच थोपवून धरण्यांत येतें. हे आंकडे ज्या काळीं ठरले त्या काळीं स्मृति बेताची असे. आज एखाद्या सर्व्हरावर २५६ गिगाबाइट स्मृति असणें नवलाचें नाहीं. तिचे १० टक्के म्हणजे सुमारें २५ गिगाबाइट. चकतीची डिस्क सरळ ओळीनें लिहिली तर सेकंदास १५० मेगाबाइट उतरवील असें धरलें, तरी हा ढीग निपटावयास पावणेतीन मिनिटें हवींत. आणि ओळ सोडून लिहावें लागलें तर त्याच्या कित्येक पट. ह्या अवधींत कोणी बिचारा एक लहानशी नोंद घेऊन वहीपाशीं आला तर त्यानें काय करावें? लग्नाचे पंचवीस ट्रंक दारांत अडकले असतां पोस्टमनानें पत्र कोठून द्यावें, तसा हा प्रकार. गजबजलेला सर्व्हर मिनिटेंच्या मिनिटें सुरळीत चालतो आणि मध्येंच घुटमळतो, त्याचें एक मोठें कारण हेंच. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं संकेतस्थळें अडतात तीं बहुतांशीं वाचणाऱ्यांच्या गर्दीनें. तो रोग निराळा. येथें आपण लिहिणाऱ्यांच्या गर्दीविषयीं बोलत आहों.

आतां त्या लहानशा नोंदीकडे वळूं, कारण खरा प्रश्न तिचाच आहे. कोणाचे पैसे जमा झाले, कोणाची मागणी नोंदली गेली, आणि पडद्यावर ‘यशस्वी’ असें उमटलें. पुढच्याच क्षणीं वीज गेली आणि नोंद पाटीवरच होती, तर? ज्यानें ‘यशस्वी’ हा शब्द वाचला तो निश्चिंत होऊन निघून गेला आहे. त्याच्या हातीं पावती आहे आणि वहींत कांहीं नाहीं. ह्यासाठीं लिनक्सजवळ दुसरी एक आज्ञा आहे, तिचें नांव ‘एफसिंक’. तिचा अर्थ असा कीं, ह्या फायलीचें सारें ओवळें वहींत उतरव, डिस्कनें ‘उतरलें’ म्हणून कळविल्यावांचून मला उत्तर देऊं नको. प्रोग्रॅम तोंवर ताटकळत उभा राहतो. बाईंच्या मुलाच्या वरिष्ठांना जी कटकट वाटली ती ही.

येथें जुन्या पेढीवरील दिवाणजींची आठवण होते. ते आल्यागेल्याची नोंद प्रथम कीर्दींत करीत, एकाखालीं एक, येईल त्या क्रमानें. आणि मग सांजच्याला किंवा सवडीनें तीच रकमेवार खतावणींत नांवावर चढवीत. खतावणी राहून गेली तर कीर्दीवरून पुनः उभी करतां येई. कीर्दच लिहिली नाहीं तर ब्रह्मदेवहि हिशेब लावूं शकणार नाहीं. मोठमोठे डेटाबेस, म्हणजे नोंदींचीं दप्तरें सांभाळणारे प्रोग्रॅम, नेमकें हेंच करतात. आधीं कीर्द, मग खतावणी, ह्या नियमावरून पडलेलें दप्तर पुनः कसें उभें करावें ह्याची पद्धतशीर मांडणी मद्रासच्या आयआयटींत शिकलेले सी. मोहन व त्यांचे आयबीएममधील सहकारी ह्यांनीं १९९२ सालीं केली, ती त्या विद्येंत अद्यापि प्रमाण मानतात. पोस्टग्रेस नांवाचा जो सुप्रसिद्ध आणि विनामूल्य डेटाबेस आहे, तो प्रत्येक व्यवहार पक्का करतांना एफसिंक करतो तो फक्त कीर्दीवर. कीर्द सलग लिहावयाची असल्यामुळें तें काम त्यांतल्या त्यांत स्वस्त पडतें.

तरीहि हिशेब पाहा. एकच गिऱ्हाईक एकामागून एक व्यवहार करीत असेल आणि डिस्क चकतीची असेल, तर सेकंदास १२० च्या आसपासच व्यवहार पक्के होतील. कारण एक नोंद उतरून तिचें उत्तर येईतों चकती पुढें गेलेली असते, आणि पुढच्या नोंदीची जागा लेखणीखालीं येण्यास नवा फेरा लागतो. मग हजारों गिऱ्हाइकांचें काय? तर येथें गर्दीच उपकारक ठरते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. एकत्र कुटुंबांत दहा पाहुणे मागेंपुढें आले तर दहा आधणें कोणी ठेवीत नाहीं. एका आधणांत सर्वांचा चहा होतो. त्याचप्रमाणें एक एफसिंक चालूं असतां जितके व्यवहार येऊन थांबले असतील तितक्या सर्वांच्या नोंदी पुढच्या एका एफसिंकमध्यें उतरतात, आणि सर्वांना एकदमच ‘पक्कें’ असें उत्तर मिळतें. ह्यास ‘ग्रुप कमिट’ म्हणतात. म्हणून गजबजलेल्या सर्व्हरावर एफसिंकचा भार माणशीं उलट कमी पडतो. नुसतें एफसिंक वाईट, असें म्हणणाऱ्यानें हें ध्यानांत घेतलेलें नसतें.

खरी अडचण खतावणीची. पोस्टग्रेस मूळच्या नेमणुकीप्रमाणें दर ५ मिनिटांनीं खतावणी पुरी करतो, त्यास ‘चेकपॉइंट’ म्हणतात. पूर्वीं तो सारीं पानें एकदम लोटून देई आणि मग एफसिंक करी. त्या घटकेस कीर्दीचें लहानसें एफसिंकहि त्या ढिगामागें अडके, आणि शेंकडों लोक एकदम खोळंबत. २००८ सालच्या ८.३ ह्या आवृत्तींत हें काम अवधिभर पसरण्याची सोय झाली: पूर्वार्धांत पुरें करावें असा मूळचा नेम होता, तो २०२१ सालच्या १४ व्या आवृत्तींत अवधीच्या ९० टक्क्यांवर नेला. पण गंमत अशी कीं, पोस्टग्रेसनें सावकाश लिहिलें तरी तें जातें लिनक्सच्या पाटीवरच. तेथें तें साठत राहतें, आणि शेवटीं एफसिंक आलें कीं लिनक्स सगळें एकदम उपसावयास लागते. म्हणून २०१६ सालच्या ९.६ आवृत्तीपासून पोस्टग्रेस लिनक्सला दर २५६ किलोबाइटांमागें ‘एवढें आतांच उतरावयास घे’ असें सुचवीत जातो. लिनक्सनेंहि २०१७ सालच्या ४.१० ह्या आवृत्तींत अशी व्यवस्था केली कीं, मागचा ढीग उतरवितांना समोर उभ्या असलेल्या माणसाची वाट अडूं नये. रोजचीं भांडीं रोज घांसणें आणि सणाचीं भांडीं एकदम मोरींत पडणें, ह्यांतला फरक गृहिणींना आम्हीं सांगावयास नको.

दोष कधीं कधीं फायली ठेवण्याच्या पद्धतींतच असे. लिनक्सवरील ‘एक्स्ट३’ ह्या जुन्या पद्धतींत एका लहानशा फायलीचें एफसिंक मागितलें तरी त्या डिस्कवरील इतर सर्वांचेंहि साठलेलें काम आधीं उतरवावें लागे. जसें घरांतल्या एकास देवळांत जावयाचें, पण सगळें कुटुंब तयार होईपर्यंत त्यानें ओटीवर थांबावयाचें. २००८ सालीं फायरफॉक्स ३ हा ब्राउझर आला. तो वाचलेल्या पानांची याद सुरक्षित राहावी म्हणून वारंवार एफसिंक करी, आणि ह्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अख्खा संगणक क्षणोक्षणीं अडे. लोकांनीं धडा घेतला तो भलताच, कीं एफसिंक टाळावें. पुढल्याच वर्षीं, २००९ सालीं, ‘एक्स्ट४’ ही नवी पद्धति रूढ होऊं लागली. तींत डिस्कवरील जागा नेमण्याचें कामहि लांबणीवर टाकलेलें असे. ज्या प्रोग्रॅमांनीं एफसिंक टाळलें होतें त्यांच्या फायली, संगणक मध्येंच बंद पडल्यावर, नांव शाबूत आणि आंत शून्य अक्षरें, अशा सांपडूं लागल्या. पुष्कळ वादावादी झाली आणि शेवटीं पद्धतींतच कांहीं सावधगिरीच्या सोयी घालण्यांत आल्या.

ह्याहून गंभीर प्रकार २०१८ सालीं उघडकीस आला. डिस्कवर उतरवितांना चूक झाली तर एफसिंक ‘जमलें नाहीं’ असें सांगे. डेटाबेस म्हणे, बरें, पुनः प्रयत्न करतों. आणि दुसऱ्या खेपेस एफसिंक म्हणे, झालें! वस्तुतः लिनक्सनें तें न उतरलेलें पान पहिल्या चुकीनंतरच सोवळें म्हणून मांडून ठेवलेलें असे. अंगाला पाणी न लागतां सोवळें नेसावें, तसें. वर्षानुवर्षें दोन्ही पक्ष एकमेकांचा अर्थ निराळा समजत आले होते. पोस्टग्रेसनें २०१९ सालच्या फेब्रुवारींत दुरुस्ती केली ती अशी: एफसिंक एकदां जरी फसलें तरी काम तत्काळ थांबवावयाचें, आणि कीर्दीवरून खतावणी पुनः तपासून उभी करावयाची. थांबल्यामुळें गिऱ्हाइकांची गैरसोय होते हें खरें. पण खोट्या वहीवर पुढचे आंकडे चढवीत जाण्यापेक्षां पेढी घटकाभर बंद ठेवणारा दिवाणजी आम्हांस अधिक लायक वाटतो.

आतां बाईंच्या प्रश्नाचें उत्तर. वरिष्ठ ‘बंद करा’ म्हणाले, त्यांचे अर्थ दोन होऊं शकतात, आणि दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पोस्टग्रेसमध्यें एफसिंक सर्वस्वीं बंद करण्याची सोय आहे. तसें केलें म्हणजे कीर्द आधीं आणि खतावणी मागून, हा क्रमच उरत नाहीं; वीज गेली तर शेवटच्या चार नोंदी हरवतील एवढेंच नव्हे, तर कांहीं पानें नवीं, कांहीं जुनीं, कांहीं अर्धवट, अशी सगळ्या दप्तराची खिचडी होऊन बसेल. हा अर्थ असेल तर मुलानें केलें तेंच बरोबर. नोकरीच्या भयानें मान हलविली असती तर त्याचा दोष झाला असता. दुसरी सोय निराळी आहे, आणि तीहि २००८ सालच्याच आवृत्तींतली. तींत कीर्द आधीं हा क्रम अबाधित राहतो. फक्त गिऱ्हाइकास उत्तर देण्यापूर्वीं ती वहींत उतरण्याची वाट पाहात नाहींत. मूळच्या नेमणुकींत फार तर सेकंदाच्या ६ दशांशांइतक्या अवधींतले व्यवहार हरवूं शकतील; उरलेलें दप्तर मात्र सुसंगत राहतें. शिवाय ही सवलत व्यवहारागणिक देतां येते. कोणत्या वस्तूचें चित्र किती जणांनीं पाहिलें, ही नोंद हरवली तर कोणाचें काय गेलें? तेथें ती खुशाल द्यावी. पैशाच्या व मागणीच्या नोंदीस देऊं नये. वरिष्ठांचें गाऱ्हाणें खोटें नाहीं, फ्लशमुळें खोळंबा होतो हें खरेंच आहे. म्हणून मुलानें नुसता नकार देऊन न थांबतां ही वांटणी त्यांच्यापुढें मांडावी, असें आम्हांस वाटतें. तें करण्यापूर्वीं त्यानें एक गोष्ट पाहावी. कित्येक सर्व्हरांवर डिस्कांच्या पुढें एक नियंत्रक असतो आणि त्याच्याजवळ बॅटरीच्या आधारावरची स्वतःची लहान पाटी असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाहीं, म्हणून तिच्यावर उतरलें कीं उतरलें, असें प्रामाणिकपणें म्हणतां येतें. ती बॅटरी जीर्ण झाली कीं नियंत्रक शहाणपणानें ती पाटी वापरणें सोडतो आणि थेट डिस्ककडे जातो. मग काल ठीक असलेला सर्व्हर आज एकाएकीं रडूं लागतो, आणि दोष मात्र एफसिंकवर येतो. बॅटरी बदलावी.

दुसऱ्या एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, स्मृति दुप्पट केली म्हणजे हा त्रास जाणार नाहीं काय? वाचण्याचा वेग पुष्कळ वाढेल; उतरविण्याचा वाढणार नाहीं. टक्केवारी तीच ठेवली तर ढीग मात्र दुप्पट होईल. त्याऐवजीं ओवळ्या पानांची मर्यादा टक्क्यांत न ठेवतां, डिस्कला थोडक्या सेकंदांत उतरवितां येईल इतक्या ठराविक मेगाबाइटांत बांधून देण्याची सोय लिनक्समध्यें आहे, ती वापरावी. हा प्रकार लहान प्रमाणांत घरींहि दिसतो. लिनक्स असलेल्या संगणकावरून पेनड्राइव्हवर लग्नाचें चित्रण उतरवितांना पट्टी भरभर पुढें सरकते आणि काम संपल्यासारखें दिसतें. पण काढावयास गेलें कीं ‘थांबा, अजून लिहिणें चालू आहे’ अशी सूचना येते, आणि ती मिनिटेंच्या मिनिटें हालत नाहीं. पट्टीनें दाखविलें तें पाटीवरचें लिहिणें होतें. ती सूचना जाईतों पेनड्राइव्ह उपसूं नये. मुलांनाहि तसें सांगून ठेवावें.